घसा सुन्न करणारी उनाइसी

उनाइसीला किळस यायची. पोटाच्या दुर्बिणीच्या खोलीत बावीस वर्षं काढली म्हणजे आता तिला कशाचं काही वाटत नसणार, असं तिच्या जावा म्हणायच्या, चर्चमधल्या बायका म्हणायच्या, आणि सगळ्याच चुकीचं म्हणायच्या. नुसती लाळ बघितली तरी तिच्या अंगावर शहारा यायचा. हनुवटीवरून उशीवर उतरणारी, तुटता न तुटणारी चिकट लाळ. त्यात कधी पिवळं पित्त, कधी कॉफीच्या चोथ्यासारखं काळं रक्त. आणि वर पोटात भरलेली हवा परत येताना माणूस जो ढेकर देतो, त्याचा वास. तपासणीच्या दिवशी दुपारच्या डब्यात नारळाच्या दुधातले मासे असले, तर ती झाकण उघडून परत लावायची.

फरक एवढाच, की किळस आली म्हणून तिने कधी कुणाचं तोंड हातातून सोडलं नाही. नाक मुरडून, मनातल्या मनात शिव्या देऊन, पण धरून बसायची.

फिजीच्या उत्तरेकडच्या ज्या बेटावर हे हॉस्पिटल होतं, तिथे पोटाचा डॉक्टर नव्हता. दर तीन महिन्यांनी राजधानी सुव्याहून एक डॉक्टर छोट्या विमानाने यायचा, दुर्बिणीची नळी पेटीतून आणायचा, दिवसभरात आठ-नऊ पोटं बघायचा आणि संध्याकाळच्या विमानाने परत जायचा. झोपेचं इंजेक्शन मिळत नसे. म्हणजे इंजेक्शन कपाटात होतं. ते दिल्यावर माणसाच्या श्वासावर डोळा ठेवून बसायला भूलतज्ज्ञ नव्हता. त्यामुळे करंगळीएवढी जाड काळी नळी जागेपणी गिळायची, आणि मदतीला काय, तर उनाइसी आणि तिच्या हातातली घसा सुन्न करायच्या फवाऱ्याची बाटली.

ते औषध भयंकर कडू. कंपनीने त्यात केळ्याचा वास घातला होता, त्यामुळे ते नासलेल्या केळ्यासारखं कडू लागायचं. डावीकडे एक फवारा, उजवीकडे एक, पडजिभेमागे एक. "गिळू नका, घशातच धरा. धरा, धरा... आता गिळा." मग पाच मिनिटं थांबायचं, छातीवर टाचलेल्या घड्याळात बघून. पुन्हा फवारा, पुन्हा पाच मिनिटं. मग लाकडी पट्टीने जिभेच्या मुळाशी हळूच टोचून बघायचं. उबळ आली नाही, तरच ती डॉक्टरकडे बघून मान हलवायची. औषध जिभेला लागताक्षणी प्रत्येक माणसाचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. पोलिसाचं व्हायचं, पाद्र्याचं व्हायचं. उसाच्या मळ्यातली जसोदा आजी तर शिव्याच घालायची.

"अगं भवाने, विष पाजतेस का?"

"विष असतं तर गोड केलं असतं, आजी. गिळा."

डॉक्टर शाल्विन तीन वर्षांपासून येत होता. हात चांगला, धीर नावाला नाही. उनाइसीचं लक्ष नसेल तर दोन फवारे मारून, घसा जागा असतानाच नळी आत. मग माणूस गुदमरायचा, डोळे बाहेर यायचे, ट्रेमध्ये ओकारी, अंगावर ओकारी, जमिनीवर ओकारी. शाल्विन मागे सरकायचा आणि म्हणायचा, "सिस्टर, हे साफ करा." जणू ते त्याने केलंच नव्हतं. उनाइसीला ओकारी पुसताना जेवढी शिसारी येत नसे, तेवढी त्या मागे सरकलेल्या बुटांची यायची. म्हणून ती पाच मिनिटं दोघांच्या मध्ये उभी राहायची, आणि ती होती अंगाने भरभक्कम. तिला ओलांडून जाणं सोपं नव्हतं.

हे थांबणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या बापाला रक्ताच्या उलट्या होत होत्या, तेव्हा त्याला बोटीतून दुसऱ्या बेटावरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथे त्याच्या घशात नळी घातली, त्याने घाबरून ती दोन्ही हातांनी उपसून काढली. कागदावर लिहून आलं, रुग्णाने सहकार्य केलं नाही. दीड महिन्याने तो गावातल्या चटईवर गेला. पोटात काय होतं ते कुणालाच कळलं नाही. उनाइसी तेव्हा नुकती नर्स झाली होती. तिने तो कागद वाचला, आणि त्या लिहिणाऱ्याचा तिला जो तिटकारा आला तो आजवर गेलेला नाही.

आता त्याच वाटेवर तिचा धाकटा भाऊ होता.

इलाइतियाला दोन महिने डांबरासारखं काळं शौचाला होत होतं. कमरेला गुंडाळायच्या सुलूला एकाऐवजी दोन वेढे बसायला लागले होते. हे तिला त्याने सांगितलं नाही. सांगणं शक्यच नव्हतं. वयात आल्यावर सख्खे भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, एकमेकांच्या अंगाला हात लावत नाहीत. डोक्याला तर नाहीच नाही. तो मान असतो. उनाइसी या भावाला कडेवर घेऊन गावभर फिरली होती, त्याचं नाक पुसलं होतं, आणि तो तेरा वर्षांचा झाला त्या वर्षापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. अडतीस वर्षं. निरोप जायचे ते कितिओनेमार्फत. कितिओने हा दोघांचाही मामेभाऊ, बडबड्या, आणि मामेभावाला थट्टेची मुभा असते ती त्याने पुरेपूर वसूल केलेली.

"तुझा भाऊ वाळून काठी झालाय," त्यानेच येऊन सांगितलं होतं. "खाल्लेलं टिकत नाही. म्हणतो, बापाचंच आलंय."

उनाइसीने यादीत चौथं नाव घातलं. निरोप धाडला: रात्रीपासून काही खायचं नाही, काही प्यायचं नाही. पाण्याचा थेंब नाही.

त्या दिवशी सकाळची बोट वेळेवर आली. गावातले सहा जण त्याच्याबरोबर आले, कारण एवढा मोठा माणूस हॉस्पिटलात एकटा कसा जाणार. म्हातारे तोमासी काका होते, कितिओने होता, बाकीचे भाऊबंद होते. सगळे आवारातल्या आंब्याखाली चटई टाकून बसले. उनाइसी आत तिसऱ्या पेशंटच्या लाळेत मनगटापर्यंत बुडालेली होती, तिने काही बघितलं नाही.

साडेनवाला इलाइतिया आत आला. दारात वाकला आणि स्टुलावर बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. उनाइसीने कोपऱ्यातल्या सिंककडे तोंड केलं.

"ज्याची पाळी आहे त्याने कवळी असली तर काढून ठेवावी," ती सिंकला म्हणाली.

"कवळी नाही," भिंतीला उत्तर मिळालं.

डॉक्टर शाल्विन हातमोजे चढवता चढवता थांबला. "भाऊ का?"

"हो."

"म्हणजे आता मी नळाशी बोलणारी नर्स आणि भिंतीशी बोलणारा पेशंट घेऊन काम करायचं. वा."

तिने मनातल्या मनात भावाची क्षमा मागितली, त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि डोकं मागे केलं. अडतीस वर्षांनी झालेला स्पर्श. हनुवटीला मांस उरलंच नव्हतं. डावीकडे फवारा, उजवीकडे फवारा, पडजिभेमागे फवारा.

इलाइतिया शांत बसून होता. कपाळावर एक आठी नाही.

उनाइसी बाटलीकडे बघत राहिली. संपली की काय? तिने स्वतःच्या मोज्यावर एक फवारा मारून बघितला. भरलेली होती. तिने त्याच्या जिभेच्या शेंड्यावर, जिथे सगळ्यात कडू लागतं तिथे, मुद्दाम एक उडवला. पोराने दूध प्यावं तसा त्याने तो गिळला.

बावीस वर्षांत असं तोंड तिने बघितलं नव्हतं. ज्या जिभेला हे औषध कडू लागत नाही, ती जीभ आधीच सुन्न आहे. आणि या बेटावर सकाळी साडेनवाला जीभ सुन्न करणारी एकच गोष्ट असते. आता तिला वासही आला, मुळाची पूड पाण्यात कालवून ग्रॉग करतात, त्याचा मातकट वास. एरवी ग्रॉगचा वास इतका सगळीकडे असतो, की तो वेगळा असा नाकाला लागतच नाही.

"कुणी आज काही प्यायलंय का?" तिने सिंकला विचारलं.

"खाल्लं नाही, प्यायलो नाही," भिंतीने सांगितलं.

तो खोटं बोलत होता, असंही नव्हतं. ग्रॉग म्हणजे पिणं, असं कुणी धरतच नाही. चहा म्हणजे पिणं, पाणी म्हणजे पिणं. ग्रॉग म्हणजे बसणं. डॉक्टरने नळी हातात घेतली होती. आता गप्प राहिलं, तर सुन्न घशातून नळी आत जाईल, पोटातला तो चिखल वर येईल, आणि खोकून बाहेर टाकायला घसा जागा नसेल. सगळं छातीत. आणि बोललं, तर परक्या डॉक्टरसमोर भावाला खोटा पाडल्यासारखं होईल, यादीतून नाव जाईल, आणि पुढची पाळी तीन महिन्यांनी. तीन महिने टिकेल असं त्याच्या अंगावर काही दिसत नव्हतं.

ती वळली. भावाच्या डोळ्यांत बघितलं.

"इलाइ, किती प्यायलास?"

इलाइतिया असा दचकला, की स्टूल सरकलं. बहीण बोलली होती, तोंडावर, लहानपणीच्या नावाने. त्याच्या तोंडून उत्तर सुटलंच.

"तीन."

"ओहोटीच्या की भरतीच्या?"

"भरतीच्या," तो म्हणाला. म्हणजे काठोकाठ भरलेल्या तीन करवंट्या. "काकांनी पहिली मला दिली. नाही कसं म्हणणार? आणि कितिओने म्हणाला, याने घसा आपोआप सुन्न होतो, नळी सरळ जाते."

डॉक्टरने नळी परत अडकवली. "बाहेर काढा याला. उपास मोडला, नाव गेलं. तुमच्या लोकांना एक साधी गोष्ट..." पुढचं तो बोलला नाही, पण ऐकू आलं.

उनाइसी त्याच हातमोज्यांनी बाहेर पडली.

आंब्याखाली निळ्या प्लॅस्टिकच्या टबाभोवती सहाजण मांडी घालून बसले होते. टब अर्ध्याहून जास्त भरलेला होता. कितिओने करवंटी हातात घेऊन सगळ्यांना हसवत होता.

"झालं पण?" तो ओरडला. "बघा! सरकारी औषधाला दहा मिनिटं लागतात, आपलं औषध एका घोटात! उनाइसी, तुझी नोकरी गेली गं. उद्यापासून मला ठेवा त्या खोलीत, मी पेशंटला नळी घालतो आणि गाणंही म्हणतो."

सगळे हसले. उनाइसीने टबाची कड धरली आणि तो उलटा केला.

मातकट पाणी चटईवरून, तोमासी काकांच्या सुलूवरून, आंब्याच्या मुळाशी गेलं. मांडलेला ग्रॉग ओतून देणं म्हणजे बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर थुंकणं, आणि बाईने ते करणं याला गावाकडे शब्दच नाही.

"किळस येते मला तुमची," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "दिवसभर लोकांची ओकारी पुसते मी, तिची नाही येत एवढी. तो मरायला टेकलाय. माझा बाप असाच गेला. एक दिवस, एकच दिवस त्याला कोरडं ठेवता आलं नाही तुम्हाला? सहाजणांना मिळून?"

"अगं, त्याला बरं वाटावं म्हणून..." कितिओनेचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"तू बोलूच नकोस. तुझी थट्टा त्याच्या फुप्फुसात गेली असती."

तोमासी काकांनी ओला सुलू झटकला नाही. ते सावकाश उठले, काठी घेतली आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिच्याकडे पाठ करून बसले. बाकीचे त्यांच्यामागे गेले. रिकामा टब तिथेच पडून राहिला.

खोलीत परतल्यावर उनाइसी दारातच उभी राहिली, पाचवा पेशंट तिच्यामागे.

"सहा तासांनी पोट रिकामं होतं, डॉक्टर. साडेतीनला. तुमचं विमान साडेपाचला आहे."

"पावणेपाचला मला विमानतळावर असायला हवं. आणि एकासाठी नियम मोडला तर उद्या सगळं बेट पिऊन येईल."

"नियम सहा तासांचा आहे. मोडत नाहीये, पाळतेय."

"सिस्टर, तुमचे लोक ऐकत नाहीत, हा माझा दोष आहे का?"

"मागच्या खेपेला गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात तुम्ही कुणाच्या लोकांबरोबर बसला होतात? दुसऱ्या दिवशी जीभ तुमचीही जड होती. मी काही बोलले का?"

शाल्विनने मान फिरवली. त्याच्या बापाच्या घरीही संध्याकाळी तोच टब मांडला जायचा, हे सगळ्या बेटाला माहीत होतं. मग तो म्हणाला, "साडेतीनला. एक संधी. एकदा उबळ आली, की नळी बाहेर आणि मी गाडीत. कागदावर काय लिहायचं ते मी लिहीन."

ते काय लिहिलं जाईल, हे तिला चांगलं माहीत होतं.

सहा तास इलाइतिया कॉरिडॉरमधल्या बाकावर, पाठ करून बसलेले काका दिसतील अशा खिडकीशी बसून राहिला, तिच्या नजरेच्या टप्प्यात. दोघं परत गप्प झाली होती. सकाळचं बोलणं जणू कुणी दुसऱ्याच बाईने केलं होतं. येता-जाता ती पाण्याच्या पिंपाला बजावायची, "इथून कुणी हलायचं नाही." आत पोटामागून पोट येत होतं. सहाव्याने तिच्या बाहीवर पित्त टाकलं. आठव्या बाईने फवारा मारायच्या आधीच ओकून दाखवलं. उनाइसी पुसत होती, धूत होती, आणि प्रत्येक वेळी कॉरिडॉरमध्ये डोकावून बघत होती. दुपारी शाल्विन जेवला. ती जेवली नाही. तिला बाहीचा वास येत होता.

साडेतीनला तिने भावाला स्टुलावर बसवलं, डोकं मागे केलं आणि पहिला फवारा मारला.

इलाइतियाचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, जीभ बाहेर आली. जीभ जागी होती. पोट रिकामं होतं.

"धर. घशात धर. गिळ आता."

पाच मिनिटं. शाल्विन घड्याळ बघत होता, तीही बघत होती. दुसरा फवारा. पुन्हा पाच मिनिटं. पट्टीने टोचलं, डावीकडे, उजवीकडे. काही नाही. तरी ती आणखी एक मिनिट थांबली. शाल्विनने मोठा सुस्कारा टाकला आणि तिने तो ऐकला नाही असं दाखवलं.

डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत कडं दिलं. नळी जिभेवरून आत गेली, घशाशी पोचली आणि तिथे अडली.

"गिळायला सांगा."

इलाइतियाला गिळता येईना. सुन्न घसा आपला वाटत नाही. गिळायचं कुठून, तेच उमगत नाही. त्याचे डोळे मोठे झाले. छाती उचलली गेली. त्याचा उजवा हात वर आला, नळीच्या दिशेने. शाल्विनचा हात थांबला. तो तिच्याकडे बघत होता, आणि नळी बाहेर काढायची तयारी त्याच्या बोटांत दिसत होती.

उनाइसीने डावा तळवा भावाच्या डोक्यावर ठेवला, पुरा, दाबून. उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"इलाइ, माझ्याकडे बघ. मी धरलंय. लाळ गिळू नकोस, ती वाहू दे, मी आहे पुसायला. नाकाने श्वास घे. घे. सोड. आता एकदाच गिळ, लहानपणी शिंपल्यातलं कच्चं मांस गिळायचास ना डोळे मिटून, तसं. गिळ."

त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. नळी आत उतरली.

त्याची लाळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, कोमट, बुळबुळीत. तिला तीच जुनी शिसारी आली, तशीच्या तशी. भाऊ आहे म्हणून रतीभर कमी आली नाही. तिने हात हलवला नाही.

पडद्यावर पोटाच्या खालच्या भागात एक व्रण दिसला. कडा उचललेल्या, मधे खोलगट, एका बाजूने रक्त झिरपणारा. शाल्विनने सावकाश, दिवसभरात पहिल्यांदा घाई न करता तपासणीसाठी सहा ठिकाणचे तुकडे घेतले. नळी बाहेर काढल्यावर त्याने स्वतः इलाइतियाच्या तोंडाखाली ट्रे धरला, एवढं मात्र खरं.

"हे चांगलं नाही," तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. "पण पसरलेलं दिसत नाही. याच आठवड्यात सुव्याला न्यायचं. सर्जनशी मी आज बोलतो. काढता येईल, सिस्टर. आणखी तीन महिन्यांनी मी असं म्हटलं नसतं. या संमतीच्या कागदावर त्याची सही घ्या. निघताना मी घेऊन जातो."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

इलाइतियाने कागद बघितला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. त्याने दाराकडे हात केला. कितिओने आत आला, भिंतीला चिकटून उभा राहिला. इलाइतिया त्याला काहीतरी म्हणाला. ओठ अजून सैल होते, शब्द लाळेबरोबर येत होते. बहीण त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तो म्हणतो," कितिओने खाली बघत म्हणाला, "तिला सांग, काकांची माफी मागितल्याशिवाय मी सही करणार नाही."

उनाइसीला आधी नीट कळलंच नाही. कळलं, तेव्हा ती कितिओनेकडे वळली.

"पोटात काय आहे, ते कळलंय का त्याला?"

"कागद वाचलाय त्याने. त्याला कळलंय. तो म्हणतो, वडीलधाऱ्यांचा राग डोक्यावर घेऊन मी पोट फाडून घ्यायला जाणार नाही. राग घेऊन गेलेला माणूस टेबलावरून परत येत नाही."

"मग मर," ती भावाला म्हणाली, तोंडावर. "मर जाऊन त्या टबाशेजारी."

इलाइतियाने डोळे मिटून घेतले. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. तिने सवयीने ती पुसली, आणि पुसल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. माफी कोणी मागायची? ज्यांनी त्याला पाजलं त्यांनी की जिने त्याला वाचवलं तिने? आणि सगळ्यात घाणेरडं हे, की तिला आतून त्याचं पटत होतं. ती याच गावची होती. तोमासी काकांच्या पाठीकडे बघत ती स्वतः तरी सुरीखाली गेली असती का? नसती गेली. शिकली, नर्स झाली, बावीस वर्षं घसे सुन्न केले, आणि हे काही केल्या सुन्न झालं नव्हतं. शी, ती स्वतःला म्हणाली. शी.

बाजार रस्त्यापलीकडेच होता. ती गणवेशातच गेली, बाहीवर वाळलेल्या पित्तासकट. रिकाम्या हातांनी माफी होत नाही; तिने ग्रॉगच्या सगळ्यात जाड मुळांची मोळी उचलली.

"लग्न आहे का, सिस्टर?" दुकानदाराने विचारलं.

"पोट आहे," ती म्हणाली आणि निघाली.

आवाराच्या टोकाला म्हातारे अजून पाठ करून बसले होते. ती गवतावर गुडघे टेकून बसली, मोळी पुढे सरकवली, मान खाली घातली. जे शब्द म्हणायचे असतात ते म्हणाली: माझ्या हातून तुमचा अपमान झाला, मी लहान आहे, राग माझ्या भावाच्या डोक्यावरून काढून घ्या. आवाज स्पष्ट होता. इलाइतियाला आता कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं होतं; खिडकी उघडी होती, आवाज तिथपर्यंत जायला हवा होता. प्रत्येक शब्द तिच्या तोंडात शेणासारखा लागत होता.

तोमासी काकांची पाठ तशीच राहिली. साडेचारची बस गेली. मग ते वळले, मोळीला हात लावला. मागच्या माणसांनी पोकळ तळव्यांच्या टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तो निळा टब धुऊन आणला होता. पाणी पडलं, पूड पडली, कालवलं गेलं. काकांनी पहिली करवंटी भरायला लावली.

"ही आत इलाइतियाला न्या," ते म्हणाले. "राग संपला, त्याला कळू दे."

मान खाली घालून बसलेल्या बाईने मान खालीच ठेवायची असते. उनाइसीने वर केली.

"साडेपाचपर्यंत काही नाही. त्याचा घसा अजून सुन्न आहे. आत्ता प्यायला तर छातीत जाईल."

करवंटी नेणारा थबकला. काकांच्या भुवया चढल्या.

"ही बाई माफी मागतेय की हुकूम सोडतेय?"

"दोन्ही," उनाइसी म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. पित्ताने पिवळी पडलेली बाही, सुजलेले डोळे, गवतात रुतलेले जाड गुडघे, सगळं त्याने बघितलं. मग त्याने करवंटी परत मागवली, स्वतः एका दमात रिकामी केली आणि खाली ठेवली.

"त्याच्या वाटची मी घेतली," तो म्हणाला. "जाऊन सांगा."

कितिओने धावत आत गेला. उनाइसी तिथूनच खिडकीकडे बघत होती. दारात शाल्विनची गाडी सुरू होऊन उभी होती. खिडकीत इलाइतियाने एका हाताने तोंडाखाली ट्रे धरला होता. कितिओनेने कागद पुढे केला, पेनाचं टोपण दाताने काढून दिलं. इलाइतियाने ट्रे बाजूला ठेवला आणि सही केली.